नाककाकांची जागा

"पास!" नाककाका ओरडले आणि त्यांनी कॅनचं झाकण खाडकन लावलं.

गाडीवाला बघतच राहिला. "काका, अहो, तो कालचा कॅन आहे! दूध आंबलंय त्यातलं. परत न्यायला मी बाजूला ठेवला होता."

"थापा मारू नकोस सकाळी सकाळी."

"थापा कशाला मारू? तुम्हीच बघा की!"

काकांनी झाकण पुन्हा उघडलं. दूध फाटून वर गुठळ्या तरंगत होत्या. लहान पोरालासुद्धा कळलं असतं, पण काकांना नाही कळलं, कारण वास घेताना डोळे मिटून घ्यायची त्यांची सवय. दूध संकलन केंद्रात एकतीस वर्षं त्यांचं हेच काम होतं. झाकण उचलायचं, नाक आत न्यायचं, एक श्वास घ्यायचा आणि निकाल द्यायचा. आंबूस वास आला की 'परत', नाही आला की 'पास'. यंत्रं नंतर आली, पण यंत्राला दोन मिनिटं लागत आणि काकांना दोन सेकंद. म्हणून तर सगळे त्यांना नाककाका म्हणत आणि तेही त्या नावावर खूश असत.

आता त्यांनी नाक पार दुधाला टेकेपर्यंत खाली नेलं. काही नाही. कोपऱ्यात फिनेलची बाटली होती, तिचं बूच काढून हुंगलं. पाणी असावं तसं. आज सकाळपासून एकही कॅन परत गेला नव्हता. "आज दूध कसं सोन्यासारखं येतंय!" असं मघाशी ते स्वतःच म्हणाले होते.

"झालं! आज काकांच्या नाकाला सुट्टी!" गाडीवाला हसला. नोंदी लिहायला दोन हातांच्या अंतरावर टेबल मांडून बसलेली नोंदवालीही मास्कच्या आड हसली. मग तिनं काकांचा चेहरा पाहिला आणि तिचं हसू गेलं. तेव्हा साथ चालू होती, आणि वास जाणं ही त्या आजाराची पहिली खूण, हे पोरासोरांनाही पाठ झालं होतं.

केंद्रात मास्कची सक्ती होऊन तीन महिने झाले होते. काकांनी पहिल्याच दिवशी साहेबांना सुनावलं होतं, "नाक झाकून नाकाचं काम कसं करायचं, ते तुम्ही करून दाखवा." साहेबांनाही ते पटलं. काकांना तेवढी सूट मिळाली. वास घ्यायला मास्क खाली करा, मग वर घ्या. पण तीनशे कॅन आणि तीनशे वेळा खाली-वर, कोण करत बसणार? मास्क जो एकदा हनुवटीवर गेला तो तिथलाच झाला. बरं, काकांचा आवाज असा की 'पास' म्हटलं की शेजारच्या गल्लीत ऐकू जावं. तो सगळा आवाज नोंदवालीच्या तोंडावर.

परवाच तिनं विषय काढला होता. "काका, तेवढं ओरडताना तरी वर घ्या ना. माझ्या सासूबाईंची छाती आधीच अधू आहे, घरात वर्षाची पोर आहे."

"अगं, इतकी वर्षं या नाकाला सर्दीसुद्धा शिवली नाही! तुला काय खाणार आहे ते?" असं म्हणून काकांनी तिला उडवून लावलं होतं, आणि वर चार लोकांना हसवलंही होतं.

ते आता त्यांना आठवलं. त्यांनी मास्क नाकावर ओढून घेतला, भिंतीपर्यंत मागे सरकले आणि साहेबांना हाक मारली.

साहेब वाईट माणूस नव्हते, घाबरट होते. सगळं ऐकून हळू आवाजात म्हणाले, "सर्दी असेल हो. घरी जा, वाफ घ्या. आत्ता बोंबाबोंब केलीत तर केंद्राला टाळं लागेल. एवढ्या लोकांचं दूध कुठं जाईल? उद्या बघू."

उद्या बघू! काकांनाही तेच हवं होतं, खोटं कशाला बोला. गुपचूप घरी जावं, आठवडाभर झोपून राहावं, कोण विचारतंय? दोन वर्षांवर निवृत्ती आली होती. एवढ्यासाठी नाव कशाला घालवायचं? पण समोर नोंदवाली पर्स काखेला मारून निघायच्या तयारीत उभी होती, आणि ती निघाली की थेट घरी जाणार होती.

"थांब," काका म्हणाले. "घरी जाऊ नकोस. मला झालंय ते. तीन महिने तुझ्या तोंडावर ओरडतोय मी."

ती खाली बसली नाही की रडली नाही. "मी परवाच सांगितलं होतं तुम्हाला," एवढंच म्हणाली. मग पर्स टेबलावर ठेवत, "आज पोरीला भात मऊ करून ठेवलाय. ती माझ्याच हातानं खाते."

काकांना वाटलं, तिनं चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

व्हायचं ते सगळं झालं. सकाळचं सगळं दूध ओतून दिलं, केंद्राला टाळं लागलं आणि गाडीवाले काकांच्या नावानं खडे फोडत निघून गेले. नोंदवाली केंद्राच्या मागच्या रिकाम्या खोलीत राहिली. तिसऱ्या दिवशी तिला ताप भरला.

काका घरी एकटे होते. बायको जाऊन चार वर्षं झालेली, मुलगी परगावी. ती फोन करायची, "बाबा, जेवलात का?" ते म्हणायचे, "जेवलो." काय जेवलो ते सांगता येत नसे, सगळं सारखंच लागे. एका दुपारी शेजारीण भिंतीवर धाडधाड मारून ओरडली, "अहो काका, जिवंत आहात ना? कधीपासून दूध करपतंय!" ते शेगडीपासून पाच पावलांवर खुर्चीत डोळे मिटून बसले होते. खोली धुरानं भरली होती. काकांनी गॅस बंद केला, खिडकी उघडली आणि काळ्या पातेल्यासमोर उभे राहिले. एवढ्या वर्षांत त्यांना कधी इतकं एकटं वाटलं नव्हतं, बायको गेली तेव्हासुद्धा नाही.

दीड महिन्यानं ते कामावर आले ते थेट साहेबांच्या खोलीत. "ताप गेला, नाक आलं नाही," म्हणाले.

साहेबांनी कपाळाला हात लावला. "अहो, कशाला सांगता? डोळ्यांनी बघून, यंत्र लावून ढकललं असतं की!"

"एकदा लपवायचा मोह झाला होता. तेवढा पुरे."

मग दुसरं काय करणार? साहेबांनी त्यांना नोंदीच्या टेबलावर बसवलं. आणि झाकणं उचलायला उभी होती नोंदवाली. तिचंही नाक गेलं होतं, पण ते पंधरवड्यात परत आलं होतं, पहिल्यापेक्षा तिखट होऊन.

टेबल तिनं स्वतःच ओढून लांब ठेवलं होतं. काकांनी मान खाली घालून विचारलं, "सासूबाई?"

"बऱ्या आहेत. त्यांच्यापर्यंत गेलंच नाही."

"आणि पोर?"

"चालायला लागली. मी खोलीत होते तेव्हा. सासूबाईंनी फोनवर दाखवलं."

काकांना माफी मागायची होती. रात्र रात्र जागून त्यांनी शब्द जुळवून ठेवले होते. पण तेवढ्यात गाडी आली, कॅन खणखणत उतरले, आणि तिनं पहिलं झाकण उचललं.

तिनं मास्क खाली केला आणि वास घेतला. मग मास्क नाकावर घेतला, नीट बसवला, आणि त्यानंतरच काकांकडे तोंड वळवून म्हणाली, "पास."

दुसरा कॅन. मास्क खाली, वास, मास्क वर. "पास."

काकांना वाटलं, पाच-दहा कॅननंतर कंटाळेल. त्यांना आजार होऊन गेला होता, आता त्यांच्यासाठी एवढं करायची गरज काय होती? पण शंभरावा कॅन झाला, दोनशेवा झाला, घाम तिच्या कानामागून ओघळू लागला, तरी मास्क वर घेतल्याशिवाय ती एकदाही त्यांच्याकडे वळली नाही.

"परत," ती म्हणाली.

काकांनी मान वर न करता लिहिलं.