ताईच्या नावाचं फूल

कुणाचाच विश्वास बसणार नाही, पण माझ्या ताईच्या नावाचं ते निळं फूल एकदा कागदावरून उठून चालत गेलं आणि नऊ वर्षं बेपत्ता होतं.

ताईच्या सत्काराहून परतल्यावर मी हे भाचरांना सांगत होतो. ताई आरामखुर्चीत डोळे मिटून पडली होती.

ती वनस्पतिशास्त्राची प्राध्यापक. मी त्याच कॉलेजात वाळलेली झाडं जाड कागदावर टाचून त्यांचे गठ्ठे बांधणारा. नोकरी तिनंच लावलेली. लहानपणापासून ‘ताईकडे बघ जरा’ हे ऐकून माझी मान जी एका बाजूला वळली, ती अजून सरळ नाही. एकच गोष्ट तिला जमत नसे. मी डावखुरा, माझी गाठ उलटी पडते. गठ्ठा सोडायचा म्हटलं की ती मला हाक मारी.

फूल दलदलीत तिला दिसलं. पण छत्री धरून चिखलात मीही रुतलो होतो, आणि जळवा मला जास्त लागल्या होत्या. नव्या फुलाला आपलं नाव आपणच द्यायची पद्धत नाही. बाहेरचे एक तज्ज्ञ येणार होते. फूल नवीन ठरलं तर तुमचंच नाव देतो, असं त्यांचं पत्र आलं. ताईनं ते मला दोनदा वाचून दाखवलं. एकदा पुरलं असतं.

तज्ज्ञ आले, तर फूल टाचलेला कागद जागेवर नाही. बाईंनी उगाच गाजावाजा केला, असं म्हणून ते गेले. दलदलीवर तोवर भराव पडला होता.

“पाणथळातला जीव तो, कपाटात कसा रमणार?” मी म्हणालो. “फाटकापाशी मी आडवा झालो, तर मलाच हूल देऊन पळालं.”

“मामा, पाय होते त्याला?” धाकटीनं विचारलं.

“मुळं होती की. ताईच्या निवृत्तीच्या आठवड्यात दमून आपणच परत आलं. मग मिळालं नाव.”

ताईनं डोळे उघडले नाहीत.

“गवतांच्या गठ्ठ्यात होतं ते,” ती म्हणाली. “वर तुझी उलटी गाठ. सोडताना माझं नख तुटलं. त्या दिवशी मी तुला हाक मारली नाही.”