ढगवेड्यांचा गट

दुपारी दोन ते चार चष्म्याच्या दुकानात कुणी फिरकत नसे. त्या वेळात ती भिंगं पुसत बसायची आणि अधूनमधून फोनवर ढगवेड्यांचा गट बघायची. गट तिनं आणि तिच्या नणंदेनंच सुरू केला होता. सातशे माणसं, कुणी कुणाला पाहिलेलं नाही. आपापल्या डोक्यावरच्या आभाळाचे फोटो टाकायचे आणि त्यात होड्या, हत्ती, घोरणाऱ्या आत्याबाई शोधायच्या, एवढाच उद्योग. तिला सगळे चष्मेताई म्हणत. नियम एकच होता, नणंदेनं घातलेला: इथे रडगाणं नको.

त्या दुपारी दुकानात मऊ, पिठूळ उजेड तरंगत होता. 'सावकाश' टोपणनावाच्या सभासदाचा फोटो आलेला दिसला. हा नेहमी आठवड्यापूर्वीचे ढग टाकायचा. आज मात्र नुसतं रिकामं आभाळ होतं. तिनं पसंतीचा लाल बदाम दिला आणि मग खालची ओळ वाचली. 'हा शेवटचा. यापुढे बघायला मी नसेन. तुम्ही सगळ्यांनी खूप जीव लावलात.'

तिच्या आधी नऊ बदाम पडले होते. 'वा, काय निळाई!' 'कुठे निघालात, परदेशी का?'

तिनं ती ओळ पुन्हा वाचली. तेवढ्यात नणंदेचा फोन.

"वहिनी, ते काढून टाक आधी. उद्या काही झालं तर आपल्या गळ्यात यायचं. आपण काय डॉक्टर आहोत?"

"काढलं तर तो बोलणार कुठे?"

"आणि तू काही चुकीचं बोललीस तर?"

"म्हणून गप्प बसू? तू मदतवाहिनीला फोन लाव. काय करायचं ते विचार आणि मला कळव."

तिनं त्याला एकट्याला लिहिलं, 'मी चष्मेताई. सरळच विचारते, रागावू नका. जीव द्यायचं मनात आहे का?'

पडद्यावर तीन टिंबं हलत राहिली. दुकान, रस्ता, सगळं पाण्याखाली गेल्यासारखं झालं.

'हो. आजच.'

तिनं थेट फोन लावला. आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा कोवळा निघाला.

"वर्ष झालं, झोप नाही," तो म्हणाला. "आभाळ बघितलं की बरं वाटायचं. आता तेही सपाट दिसतं."

सगळं ठीक होईल, हे तिच्या ओठांवर आलं होतं. तिनं ते गिळलं. "किती दमला असाल," ती म्हणाली.

तो रडायला लागला. तिनं रडू दिलं.

नणंदेचा निरोप झळकला: 'एकटं राहू देऊ नकोस. जवळचं माणूस बोलव.'

"घरात कोण आहे?"

"खाली दादा आहे. त्याला उगाच त्रास नको."

"हाक मारा त्याला. मी फोन धरून आहे."

"काय सांगू?"

"काही नको. नुसतं वर ये म्हणा."

किती वेळ गेला कोण जाणे. एक गिऱ्हाईक मोडकी फ्रेम घेऊन आलं, तिचा चेहरा बघून मुकाट्यानं स्टुलावर बसलं. मग पलीकडून हाक ऐकू आली, "दादा, वर येतोस का जरा?" जिन्यावर पावलं वाजली. "काय रे? अरे, झालं काय?" मग कुणीतरी हुंदके देत होतं. दोघांपैकी कोण, ते कळेना.

"कोण बोलतंय?" भावानं फोन घेतला.

"ढगांच्या गटातली."

"ढगांच्या?"

"ते राहू द्या. आज जीव द्यायचं त्यांच्या मनात आहे. त्यांना एक क्षणही एकटं सोडू नका. आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या."

"नेतो," भाऊ म्हणाला. "नेतोच."

गटात कुणीतरी लिहिलं, 'आम्हाला कविता वाटली हो.' कुणी कुणाला बोल लावला नाही. ती तरी कुठल्या तोंडानं बोलणार होती? रडगाण्याचा नियम नणंदेनं स्वतः खोडला आणि नवं लिहिलं: असं काही दिसलं तर बदाम देऊ नका. एकानं सरळ विचारायचं, दुसऱ्यानं मदत गाठायची. गटावर लक्ष ठेवायला बारा जणांनी पाळ्या वाटून घेतल्या.

पाच आठवड्यांनी सावकाशनं फोटोशिवाय दोनच ओळी टाकल्या. 'औषधं चालू आहेत. कालचा दिवस वाईट गेला, सांगून ठेवतो.'

ती फोन उचलणार, तोच नणंदेचा निरोप आला: 'मी बोलतेय त्याच्याशी. तू दुकान बघ.'