कडक मंगळवार

शर्यत तोंडावर आली की आचलला ताप भरायचा. एकदा नाही, दर वेळी! एरवी धडधाकट पोर, नेमकी निवडीच्या आधी घसा धरून बसायची. येत्या रविवारी राज्याच्या संघाची शेवटची निवड होती, आणि फोनवर पुन्हा तोच खोकला ऐकून बार्शीटाकळीच्या पार्बताबाईंचं डोकं सटकलं. लेकीला कोणीतरी काहीतरी खाऊ घालतंय, दुसरं काय! मेथीच्या जुड्या तशाच टाकून त्यांनी अकोला गाठलं आणि लेकीच्या होस्टेलला जायला अमरावतीची एसटी धरली.

संशय कोणावर? आधी धावण्याच्या सरांनी दिलेल्या ताकदीच्या पावडरीवर. पण ती तर सगळ्याच पोरी पितात. मग उरली खोलीतली महेजबीन. तीही पळते, तिलाही निवड हवी, आणि त्या मेलीला साधी शिंक येत नाही! वाटभर बाईंनी मनातल्या मनात तिला फाडून खाल्लं.

होस्टेलच्या खोलीचं दार उघडंच होतं. आचल पांघरूण घेऊन पडलेली, आणि महेजबीन तिच्या तोंडाशी वरण-भाताचा घास धरून बसलेली. घ्या! रंगेहाथ!

"काय वं, काय चारून राहिली माह्या पोरीले?" बाई कडाडल्या.

महेजबीन दचकली, पण हटली नाही. "भात चारून राहिली काकू. पण खाते कुठं ते? सकाळी लांबची धाव झाली, तवापासून पोटात दाणा नाही. दर मंगळवारी असंच. सर सांगून थकले, एवढं पळून उपाशी राह्यलं तर अंगात आजाराशी लढाची ताकदच राहत नाही म्हून."

"मंग काहून खात नाही?"

"तुमीच तर उपासाची शपथ घातली ना तिले."

खरंच होतं. दर निवडीच्या आधी, पोरीचा नंबर लागावा म्हणून, अंबादेवीला कडक मंगळवार त्यांनीच बोलले होते. मायलेकी दोघींनी धरायचे, दिवे लागेपर्यंत नुसत्या पाण्यावर. लांबची धाव कोणत्या वारी असते, हे विचारायचं त्यांना सुचलंच नव्हतं. साऱ्या जगावर डोळा ठेवला आणि लेकीच्या तोंडचा घास आपणच काढला! त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली.

त्यांनी महेजबीनच्या हातून ताट घेतलं. "खाय, आचल."

आचलनं तोंड फिरवलं. "परीक्षा पाहून राहिली काय माय? हिनं किती आग्रह केला, मी एकबी मंगळवार मोडला नाही. रविवारी हरली तर तूच म्हणशील, पोट्टीनं उपास मोडला."

म्हणाल्या असत्या. नक्की म्हणाल्या असत्या. पोरीला आपली आई पुरती ठाऊक होती, आणि ते बाईंच्या जिव्हारी लागलं.

मग त्यांनी त्याच ताटातला भात कालवला, मोठा घास केला, आणि भर दुपारी स्वतःच्या तोंडात घातला.

"घे, मोडला मीनंच," भरल्या तोंडानं त्या म्हणाल्या. "देवी मले पाहून घेईल. तू जेव."