बकारामचं नाव

सालेकशातल्या लहानशा गिरजाघराचे उपदेशक केवलराम कोट घालून दारापर्यंत गेले आणि परत येऊन बाजेवर बसले. सत्तेचाळीसच्या पंधरा ऑगस्टची सकाळ होती. शाळेपुढे झेंडा चढायचा होता आणि पाटील चैतरामने ख्रिस्ती मंडळींनाही बोलावलं होतं.

"काऊन बसले जी?" त्यांची बायको धुरपता म्हणाली.

"चैतरामचा भाऊ बकाराम बेचाळीसच्या चळवळीत जेलात मेला. त्याच आठवड्यात, रविवारी आपण गिरजात इंग्रज राजासाठी प्रार्थना केली. गाव विसरलं असंन का?"

"नाही विसरलं. म्हणूनच जा लागते."

मंडळीतले बाकीचे घरातच थांबले होते. मिशनचा गोरा साहेब विलायतेला गेला, आता आपल्याला कोण विचारतं, ही धास्ती सगळ्यांनाच होती. त्यात पंजाबात धर्मावरून चाललेल्या कत्तलींच्या बातम्या.

दोघं शाळेपाशी पोचले तशी बोलणी थांबली. चैतराम म्हणाला, "उपदेशक, दोन शब्द बोला."

केवलराम पुढे झाले. "आनंद करणाऱ्यांबरोबर आनंद करा, रडणाऱ्यांबरोबर रडा, असं आमचं शास्त्र सांगते. आज मले दोन्ही करायचं आहे. पंजाबात माणसं मरून राहिली, त्यांच्यासाठी. अन् बकारामसाठी. तो गेला तेव्हा आम्ही त्याचं नाव घेतलं नाही. भ्यालो होतो."

"आजच्या दिवशी रडगाणं कायले?" मागून कोणीतरी ओरडलं. कुजबुज वाढली. धुरपताने नवऱ्याची बाही धरली.

तेवढ्यात बकारामची म्हातारी आई, रुख्मा, काठी टेकत उठली. "चूप बसा रे! पोलिसाच्या भेवानं तुमी तरी घेतलं का माह्या पोराचं नाव? माह्या दारात कोणी आलं नाही." मग ती केवलरामकडे वळली. "घे बाबा, तू घे आता."

केवलरामने डोळे मिटून बकारामचं नाव घेतलं आणि प्रार्थना केली. काहींनी टोप्या काढल्या, काही पाठ फिरवून निघून गेले. मग झेंडा चढला.

दोघं परतत होते तेव्हा चैतराम झपाझप मागून आला. सोबत चालला. वळणावर थांबून म्हणाला, "माय रडली आज. तो मेल्यापासून पयल्यांदा."

आणि शेताच्या बांधाने निघून गेला.

"राग आला असंन का त्याले?" धुरपताने विचारलं.

"मालूम नाही. पण आता रुख्माच्या दारात जा लागते," केवलराम म्हणाले.