डोळ्यातली राख

आखातात, डिस्कव्हरी गार्डन्समध्ये, अनुपमा वहिनींच्या फ्लॅटबाहेर शनिवारी सकाळी चपला काढायला जागा नव्हती. नेत्रानंद महाराज व्हिजिट व्हिसावर आले होते आणि चष्मा घालवायला लेझर केलेल्या लोकांच्या डोळ्यांतून राख काढत होते. हो, राख. आणि माना डोलावणारे कोण, तर ऑडिटर, बँकवाले आणि आभाचा नवरा सुजीत, मेकॅनिकल इंजिनिअर.

“लेझर म्हणजे अग्नी,” महाराज सांगत होते. “अग्नी पेटला की राख उरणारच. डॉक्टरच्या मशीनला ती दिसत नाही, हबीबी.”

मग पापणी ओढून सिद्ध सुरम्याचा एक काळा दाणा आत ठेवायचा. डोळा घळाघळा वाहायचा आणि थोड्या वेळाने टिश्यूवर करडी, बुळबुळीत गोळी यायची. सगळे हात जोडायचे.

आभाच्या डोळ्यांतूनही ही राख दोनदा निघाली होती. लेझरने तिचा चष्मा गेला, पण डोळे कोरडे पडले. ऑफिसच्या एसीत स्क्रीनवर ड्रॉइंग्ज बघताना वाळू गेल्यासारखे खुपायचे. डॉक्टर हाफिजा म्हणाल्या होत्या, बऱ्याच जणांना होतं, काही महिने जातात, ड्रॉप्स चुकवू नका. महाराज म्हणाले, बाटल्या फेका. सुजीतने फेकल्या. “डोळ्यांत पाणी येतंय ना? मग कोरडेपणा खलास,” हे त्याचं इंजिनिअरिंग.

पाणी थांबलं की दुप्पट आग व्हायची. शेवटी हाफिजांनी तपासून स्पष्टच सांगितलं, “बुबुळावर ओरखडा आहे. डोळ्यात काय घालताय? असंच चाललं तर कायमचा डाग राहील, नजर अधू होईल.”

आभाने हे घरी सांगितलं, तर सुजीत म्हणतो, “अजून एकदाच बसू. उरलेली राख निघून जाईल.” कपाळावर हात मारून घ्यायचंही त्राण तिच्यात उरलं नव्हतं. डोळा हिचा आणि खात्री याची.

त्या संध्याकाळी शेजारच्या फिझाने गुलाबाचं सरबत आणून दिलं. आभाने ग्लास तोंडाला लावला आणि थबकली. सरबतात सब्जा फुगून तरंगत होता. करडी, बुळबुळीत गोळी, मध्ये काळा ठिपका.

म्हणून आज महाराजांसमोर तिचा नंबर आला तेव्हा तिने तळहात पुढे केला. “दाणा माझ्याकडे द्या. अनुपमा वहिनी, वाटीत पाणी आणा.”

“पाण्यात शक्ती जाते, बेटी.”

“जाऊ दे. राख माझ्या डोळ्यात आहे ना? वाटीला कुठे लेझर केलंय? मग वाटीतून काही निघायला नको.”

सगळ्यांदेखत महाराजांना दाणा द्यावाच लागला आणि तो वाटीत पडला. ऑडिटर वाकले, बँकवाले वाकले, सुजीतही वाकला. बघता बघता दाण्याभोवती करडा चिकट गोळा फुगला. महाराज आपली पिशवी आवरू लागले.

“काजळ फासलेला सब्जा आहे हा, फालुद्यातला,” आभा म्हणाली. “डोळ्यात काहीही खुपलं की पाणी येतंच. ते वाहून जातं. डोळ्यावर टिकणारा ओलावा वेगळा.”

“पण काही जणांना बरं वाटलं गं,” अनुपमा वहिनी पुटपुटल्या.

“काही महिन्यांनी बऱ्याच जणांना वाटतंच, वहिनी. औषध डॉक्टरचं, दिवस आपले, आणि नाव यांचं.”

परत जाताना सुजीतने फार्मसीसमोर गाडी थांबवली. मग त्याने हळूच विचारलं, “कोणते ड्रॉप्स आणू?”

आभाने प्रिस्क्रिप्शन त्याच्या हातात दिलं. तिचा राग अजून गेला नव्हता.

“ठेव विश्वास, कोणावरही ठेव,” ती म्हणाली. “पण आधी वाटीत टाकून बघत जा. बायकोच्या डोळ्यात नको.”