तुमच्यावानी दिसणारा माणूस

आमच्या बाबांनी तिवशाच्या शाळेत तीस वर्षं मुलांच्या डोक्यातून भुतं काढली. मोतीराम गुरुजींसमोर बाहेरच्या बाधेचं नाव काढायची कोणाची टाप नव्हती. देव्हारा असतो त्या जागी आमच्या घरात धम्मदीक्षेच्या बावीस प्रतिज्ञांची तसबीर आहे. मला बाबांचा अभिमान आहे, म्हणूनच त्यांचा राग जास्त येतो.

पावसाळा सरताना आईला आठ दिवस ताप आला, मग उतरला. त्यानंतर एका सकाळी भाजी निवडता निवडता ती बाबांना म्हणाली, "रागावू नका. आपल्या घरात एक माणूस येते. तुमच्यावानीच दिसते, तुमच्यावानीच बोलते. पण तो तुमी नाही."

बाबा भडकले. "इंदू, शिकल्यासवरल्या घरात तू भुताच्या गोष्टी करून राहिली?"

शेजारच्या जाईबाई म्हणाल्या, "बाहेरचं असंन, दाखवून आना." बाबांनी त्यांना दारातूनच वाटेला लावलं. आईने पुन्हा तो विषय काढला नाही. मी नोकरीला अकोल्याला; मला बाबांचा फोन आला, 'आई बरी आहे.'

तीन आठवड्यांनी मी घरी आले, तर आई भिंतीला पाठ लावून बसलेली. बाबांच्या हातचं पाणीही घेत नव्हती. तेव्हा कुठे बाबांनी तिचं ते बोलणं मला सांगितलं. मी त्याच दुपारी तिला अमरावतीला मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं; बाबाही सोबत आले.

डॉक्टरांनी तपासण्या करून समजावलं. तापात शरीरातल्या पेशी प्रथिनांच्या रूपाने धोक्याचे निरोप धाडतात. ते निरोप मेंदूपर्यंत पोहोचले की तिथल्या राखणदार पेशी, मायक्रोग्लिया, चवताळतात. ताप गेला की त्यांनी शांत व्हायचं असतं. आईच्या बहुधा झाल्याच नाहीत, आणि आता मेंदूतल्याच जोडण्या खात सुटल्यात. चेहरा दिसतो, पण हा आपला माणूस हे आतून उमटत नाही.

"भरती करून स्टिरॉइड सुरू करतो," डॉक्टर म्हणाले. "पहिल्यांदा बोलल्या तेव्हाच आणायला हवं होतं."

बाहेर आल्यावर माझा तोल सुटला. "तिनं भूत म्हटलंच नव्हतं, बाबा. तुमीच म्हटलं."

मला लगेच वाईट वाटलं, पण शब्द मागे घ्यावासा वाटला नाही.

पाचव्या दिवशी आई मला 'दीपू' म्हणाली आणि पोटभर जेवली. बाबा हळूच खाटेजवळ गेले. तिने पदर सावरला.

"भाऊ, तुमी कोणाले पाहाले आले?" मग आवाज उतरवून म्हणाली, "आमचे गुरुजी दिसले तर सांगा, मी इथं आहो. त्यायले किती हाका मारल्या. पण दरवेळी तो दुसराच येते."

बाबांनी आयुष्यात कोणाची खोटी समजूत घातली नव्हती. ते स्टुलावर बसले.

"येतीन ते," बाबा म्हणाले. "तोवर मी बसू काय इथं?"

"बसा ना," आई म्हणाली. "पण ते आले का उठजा."