रुव्हियेरसाहेबांचा मफलर

आमच्या फ्रेंच फार्मान विमानाचा पंखा पाठीमागे असतो. पुढे होडीसारख्या खोक्यात दोन माणसं, त्यांच्या मागे इंजिन आणि इंजिनाच्या मागे लाकडी पंखा. पुढून हातमोजा जरी सुटला तरी तो थेट पंख्यात जाणार. पंखा फुटला की त्याच्या तुकड्यांनी शेपटी गेली, आणि शेपटी गेली की दोघंही गेले. म्हणून उड्डाणाआधी मी बिस्किटांचा रिकामा डबा पुढे करून दोघांचे खिसे रिकामे करून घ्यायचो आणि बोट नाचवून बजावायचो, "पंख्यात काही जाता कामा नये!" मी मेकॅनिक. गेलेली माणसं परत यावीत, एवढीच माझी धडपड.

आमचा पायलट सार्जंट ब्वादेक, ब्रेतान्यच्या किनाऱ्यावरल्या कोळ्याचा मुलगा. तो मुकाट्याने पाइप डब्यात टाकायचा. टेहळणीचे फोटो काढणारे लेफ्टनंट रुव्हियेर मात्र एक नग होते. सिगारेटी द्यायचे, टोपी द्यायचे, पण बायकोने विणलेला मोहरीच्या रंगाचा मफलर काही केल्या देत नसत.

त्या सकाळीही तेच झालं.

"साहेब, मफलर."

"नोएल, अरे ओदीलने विणलाय हा."

"विणलाय होय? मला वाटलं मासे धरायचं जाळं आहे. ब्वादेकच्या बापाला पाठवा, उपयोगी तरी पडेल."

ब्वादेक खो खो हसला. साहेबांनी मफलर कोटात खोल खुपसला, वर गुंडी लावली आणि हुबेहूब माझ्यासारखं बोट नाचवलं. "पंख्यात काही जाता कामा नये! झालं समाधान, सासूबाई?"

टेकडीमागे जर्मनांनी नव्या तोफा आणल्या होत्या. दुसऱ्या दिवशी पहाटे आमचं पायदळ ती टेकडी चढणार होतं. तोफा कुठे दडल्यात ते फोटोंवरून कळलं नाही, तर ती पोरं चढतानाच मरणार होती.

दुपारी विमानाचा आवाज आला. इंजिन खोकत होतं. विमान पॉपलरच्या झाडांच्या शेंड्यांना घासतंय की काय इतक्या खालून आलं. सवयीने मी डोकी पाहिली. एकच डोकं होतं. पुढची जागा रिकामी होती.

विमान चिखलात आदळत थांबलं. मी धावत गेलो आणि वेड्यासारखं विचारलं, "साहेबांना कुठे सोडलंस?"

जणू काही टांग्यातून वाटेत उतरवलं होतं!

ब्वादेक खाली उतरेना. काचांवर काढलेल्या फोटोंची पेटी त्याने मांडीवर घट्ट धरली होती.

"खालून गोळीबार झाला. इंजिनाला लागलं. साहेबांच्या पोटातही लागलं. त्यांनी वळून मला पंजा दाखवला, लालभडक. विमान खाली खाली जायला लागलं. जर्मनांचे खंदक ओलांडायचे अजून बाकी होते. त्यांनी मशीनगन उचलली, मला वाटलं चालवणार. तर वजन कमी व्हावं म्हणून ती बाहेर लांब भिरकावून दिली. गोळ्यांचे पट्टेही फेकले. तरी विमान सावरेना."

"मग?"

"मग ही पेटी माझ्या मांडीवर ठेवली. आणि खालच्या पंखावर उतरले. रांगत निघाले, दोन पंखांमधल्या तारा धरून, पार टोकाकडे. मी ओरडत होतो रे, घसा फुटेपर्यंत ओरडत होतो! विमान त्या बाजूला कलत होतं, मी दुसऱ्या बाजूला रेटत होतो. टोकाला पोचल्यावर त्यांनी मागे पंख्याकडे पाहिलं. अंतराचा अंदाज घेतला असावा. आणि तारा सोडायच्या आधी माझ्याकडे बघून असं केलं..."

ब्वादेकने बोट वर केलं आणि नाचवलं. हुबेहूब माझ्यासारखं.

मी विमानाला धरत धरत मागे गेलो आणि पंख्याच्या दोन्ही पात्यांवरून हात फिरवला. साधा ओरखडाही नव्हता. ती लेकाची निर्मळ पाती पाहून मला असा संताप आला, की हातोडा घेऊन तिथेच फोडावीत असं वाटलं. काचा न्यायला मोटारसायकलवाला आला, घेऊन गेला. कुणी मला काय विचारलं, मी काय बोललो, आठवत नाही.

परत पुढे आलो तेव्हा ब्वादेक कोटाच्या गुंड्या काढत होता. बोटं वळत नव्हती, म्हणून मीच काढल्या. आत मोहरी रंगाची लोकर दिसली.

"पंखावर उतरण्याआधी गळ्यातून काढून माझ्या कोटात कोंबला," तो म्हणाला. "वाऱ्याने सुटून पंख्यात गेला असता ना."

बिस्किटांचा डबा गवतात होता तसाच पडला होता. त्यात ब्वादेकचा पाइप होता, साहेबांची टोपी होती, सिगारेटी होत्या. मी मफलर नीट घडी करून त्यात ठेवला. तो डब्यात जाण्याची ती पहिलीच वेळ होती.